मदत हवी आहे: एसटीच्या अर्जात गावची लोकसंख्या कोणती लिहायची?

लालबागकर
संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावात सकाळची एसटी यावी म्हणून इथल्या मुंबई मंडळातर्फे अर्ज करतोय. गाडी फाट्यापर्यंतच येते, पुढे साडेतीन किमी चढ. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या चारशेच्या आत दिसते, ग्रामपंचायत सहाशेवर सांगते. खरं काय धरायचं? अर्ज थेट मुंबई सेंट्रलच्या मुख्यालयात द्यावा का? दहावी-बारावीच्या पोरांची रोजची पायपीट आहे, जूनच्या आत काम व्हायला हवं.

आकडेमोड
दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. जनगणना महसुली गावाप्रमाणे असते, आणि ग्रुप ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं येतात. रत्नागिरीची जिल्हा जनगणना पुस्तिका उतरवून घ्या आणि गाव सहा आकडी कोडवरून शोधा, कारण एकाच नावाची गावं बरीच निघतात. त्यात वाड्यांचे आकडे वेगळे मिळणार नाहीत.

सोयींच्या तक्त्यात आणखी एक मेख आहे. गावात बस नसेल तर अंतर तीन गटांत टाकतात: ५ किमीच्या आत, ५ ते १० आणि १० च्या पुढे. तुमचा साडेतीन किमीचा चढ सर्वांत जवळच्या गटात जातो, म्हणून अंतर मोजून अर्जात वेगळं लिहा.

शिवाय जनगणनेत माणूस नेहमी राहतो तिथे मोजला जातो. चाकरमानी मुंबईत मोजले गेले. रत्नागिरी जिल्हा २००१ मध्ये १६,९६,७७७ होता, २०११ मध्ये १६,१५,०६९ झाला. हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२, म्हणजे बाहेर गेलेले जास्त करून पुरुषच. रेशनकार्डावरची मुंबईकर नावं धरून आकडा फुगवू नका, तो आगारात टिकत नाही.

आगाराजवळचा
खरं सांगायचं तर लोकसंख्येवर गाडी मिळत नाही. रोज कोणत्या वेळी किती जण चढणार, हे आगाराला हवं असतं. मुख्याध्यापकांकडून शाळा-कॉलेजला जाणाऱ्या मुलांची इयत्तावार यादी आणि शाळेची वेळ सही-शिक्क्यानिशी घ्या. बाजाराचा दिवस आणि दवाखान्याला जाणारे वेगळे दाखवा.

अर्ज आगार व्यवस्थापकांना द्या, प्रत रत्नागिरीच्या विभाग नियंत्रकांना. मुख्यालयात दिलेला कागद फिरून आगारातच अभिप्रायाला येतो. १ मेच्या ग्रामसभेत ठराव घ्या, तेव्हा मुंबईकरही गावात असतात. आणि नवी फेरी मागू नका, फाट्यापर्यंतची फेरी गावापर्यंत वाढवून मागा. नव्या फेरीला गाडी, चालक, वाहक सगळंच नवं लागतं. वाढीला फक्त जादा किमी आणि वीसेक मिनिटं. मुक्कामी गाडी हवी असेल तर चालक-वाहकाच्या झोपण्याची, दिव्याची, शौचालयाची सोय ग्रामपंचायतीने लेखी द्यावी.

खडी-डांबर
रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर तिच्या बांधकाम उपविभागाकडून तो एसटीला योग्य असल्याचा दाखला घ्या. ग्रामीण रस्त्याचं डांबर साधारण ३ ते ३.७५ मीटर, एसटी अडीच मीटर रुंद. समोरून टेंपो आला की चाक साइडपट्टीवर उतरतं, आणि पावसाने ती खचलेली असली की गाडी कलंडण्याची भीती. मोऱ्यांचे कठडे, वळणावरच्या आंब्याच्या फांद्या, लोंबणाऱ्या तारा आधीच बघून ठेवा.

लालबागकर
देवळासमोर वळायला जागा आहे, पण एका बाजूला जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) आहे. चालेल?

खडी-डांबर
गाडी अकरा मीटरच्या आसपास लांब असते. टेप धरा, मोबाइलवर फोटो काढा. गडगा हलवायचा तर मालकाचं संमतिपत्र आताच घ्या. पाहणीच्या दिवशी वाद झाला तर पाहणी तिथेच थांबते.

आगाराजवळचा
गाडी सुरू झाल्यावर पहिले काही महिने भारमान, म्हणजे गाडी किती भरते ते, बघतात. फाट्यावरून वडापने (खासगी जीपने) जाणारे एसटीत बसले नाहीत तर फेरी बंद पडते. ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत असला तरी शून्य रकमेचं तिकीट मागून घ्यायला सांगा, तेव्हाच ते प्रवासी मोजले जातात. महिलांनीही अर्धं तिकीट न चुकता घ्यावं.