सोन्याचं इंजेक्शन म्हणजे सुवर्णभस्म नव्हे

संधिवातावर पूर्वी सोन्याची इंजेक्शनं देत, ती सुवर्णभस्मासारखीच का, असा प्रश्न बरेचदा पडतो. अजिबात नाही. भस्मात मुख्यतः धातुरूप सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. इंजेक्शनातल्या ऑरोथायोमॅलेट या सोन्याच्या संयुगात सोन्याने एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो आणि ते गंधकाला बांधलेलं असतं. खरी गंमत या गंधकात आहे. शरीरात गेल्यावर सोनं जोडीदार बदलतं, रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या गंधकाला जाऊन चिकटतं. सेलेनियमशी तर त्याचं आणखी घट्ट जमतं, म्हणून थायोरेडॉक्सिन रिडक्टेज हे सेलेनियमवालं विकर (एन्झाइम) त्याच्यापुढे बंद पडतं.

सुरुवात मात्र चुकीच्या तर्कातून झाली. १८९० मध्ये जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखला गोल्ड सायनाइड क्षयाचे जंतू रोखताना दिसलं; संधिवातही क्षयाचाच भाऊ समजून फोरेस्टिए या डॉक्टरने १९२९ मध्ये फ्रान्समध्ये सोन्याचे अनुभव मांडले.

माझ्या आईला नौपाड्यातल्या दवाखान्यात दर आठवड्याला ५० मिलिग्रॅम मिळे. आधी लघवी परीक्षानळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. गढूळ झाली की प्रथिनं जाताहेत, त्या दिवशी सुई नाही. तीन-चार महिने काहीच फरक नव्हता. मग एका सकाळी तिच्या हातात बांगडी न अडकता चढली, तिचा तो चेहरा मी विसरणार नाही.

तरीही आज हे कुणी मागू नये असंच माझं मत. मूत्रपिंड आणि रक्तपेशींना धोका असतो, आणि मेथोट्रेक्सेट हे संधिवातावरचं औषध आल्यावर सोनं मागे पडलं ते योग्यच झालं. भस्म घेत असाल तर तेही संधिवाततज्ज्ञांना सांगा, लपवू नका.