बंदूक कुलपात, काडतुसं वेगळी : मग घरात ठेवायचीच कशाला?

सडेतोड
परवाना देताना माझी चौकशी झाली. तरीही घरात बंदूक रिकामी ठेवा, कुलपात ठेवा, काडतुसं तिसरीकडे ठेवा! दार फोडून आत शिरलेला माणूस मला चावी शोधायला सवड देणार आहे का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली हेलर खटल्यात हेच म्हटलं. घरातली बंदूक सुटी करून किंवा ट्रिगर लॉक लावूनच ठेवायची सक्ती त्यांनी रद्द केली.

उंबरठा
अर्धाच निकाल सांगितलात. अपघात टाळण्यासाठी बंदुका कशा ठेवाव्यात, याचे कायदे आपल्या निर्णयामुळे अवैध ठरत नाहीत, असंही न्यायालयाने त्यातच लिहिलंय.

आणि चौकशी तुमची झाली, घरातल्या बाकीच्यांची कोणी केली? चोर येईल तेव्हा येईल. अमेरिकेत बंदुकीमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. इस्रायलच्या लष्कराने 2006 मध्ये सैनिकांना आठवड्याअखेरच्या सुट्टीवर जाताना रायफल तळावरच ठेवायला लावली. पुढे सैनिकांमधल्या आत्महत्यांचं प्रमाण साधारण 40 टक्क्यांनी उतरलं, आणि ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. इतर दिवशी फारसा फरक नाही. माणसं तीच, नोकरी तीच, फक्त त्या दोन दिवसांत हत्यार हाताशी नव्हतं. तो वाईट तास बंदुकीविना निघून गेला की बरेच जण वाचतात. कुलूप चोरासाठी नाही, त्या तासासाठी आहे.

सडेतोड
ती विशीतली पोरं, बराकीतलं आयुष्य. त्यावरून माझ्या घराचा हिशोब कसा मांडता? मी एकटा राहतो. मुलंबाळं नाहीत.

उंबरठा
एकट्या माणसावर वाईट वेळ येत नाही?

जुनाट_चावी
कुलपावरून चाललंय, चावीचं कोणी बोलत नाही. कपाट भक्कम आणि चावी कपड्यांच्या घडीखाली, असं किती घरांत असेल! लहान मुलांना ती जागा आईबापांआधी ठाऊक असते. जर्मनीत 2017 पासून नव्या शस्त्र-कपाटाला ठरावीक सुरक्षा दर्जा सक्तीचा आहे. 2023 मध्ये तिथल्या एका उच्च न्यायालयाने सांगितलं की चावीही तेवढ्याच दर्जाच्या पेटीत हवी. मग त्या पेटीची चावी कुठे ठेवायची? म्हणून आकड्यांचं कुलूप बरं. आकडा मात्र जन्मतारीख नको.

सडेतोड
हे पटलं. पलंगाशेजारी भिंतीला पक्की ठोकलेली, बोटाच्या ठशाने उघडणारी पेटी घेतो. सेकंदात उघडते. पण आत बंदूक भरलेलीच राहील.

उंबरठा
तुमच्या परवान्याच्या अटी ते चालवून घेतात का, हे आधी वाचा. कॅनडात घरी ठेवलेली बंदूक रिकामीच असावी लागते, पेटी कितीही भारी असो. शिवाय रात्री झोपेतून दचकून उठल्यावर सेकंदात हातात आलेली भरलेली बंदूक समोरच्याला ओळखायला वेळ देत नाही. पाणी प्यायला उठलेला पाहुणाही असू शकतो.

सडेतोड
पाहुण्यांना दिवा लावायला सांगेन. काडतुसं मात्र वेगळी ठेवणार नाही.