एमिलीच्या रेषा अमूर्त नाहीत

एमिली कामे ङ्वारे या ऑस्ट्रेलियन आदिवासी चित्रकर्तीच्या रेषा म्हणजे शुद्ध अमूर्त चित्रकला, असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. 'कामे' हे तिचं नावच मुळी पेन्सिल यॅम या कंदवेलीच्या बियांवरून आलंय. ही वेल तिच्या अल्हल्केरे या पूर्वजभूमीची, मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्स शहराच्या ईशान्येची. (वनस्पतिशास्त्रानुसार ती आपल्या मूग, उडीद, मटकीच्याच 'व्हिग्ना' प्रजातीतली (genus)!) जमिनीखाली कंद पोसला की वरची माती तडकते, आणि बायका त्या भेगांच्या मागावर खणतात. 1995 चं 'बिग यॅम ड्रीमिंग' हे काळ्यावर पांढऱ्या रेषांचं, सुमारे 8 मीटर बाय 3 मीटरचं चित्र पाहताना मुळं आणि भेगा दोन्ही आठवाव्यात. कॅनव्हास जमिनीवर अंथरून, त्यावर बसून तिने ते दोन दिवसांत पूर्ण केलं.

आणखी एक धागा राहिला: 1977 पासूनची दहा-अकरा वर्षं ती बाटिक करत होती. गरम मेणाची रेघ कापडावर एकदा उमटली की पुसता येत नाही, म्हणून हात न थबकता चालवावा लागतो. त्याआधीचा सराव 'अवेल्य'चा, म्हणजे बायकांच्या विधींत छाती-खांद्यांवर बोटांनी ओढायच्या पट्ट्यांचा. ॲक्रिलिक रंग हाती आले 1988-89 मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीनंतर.