सकाळी सहाचे क्रिकेट आणि आपली झोप : अनुभव लिहावेत

मुलुंड पूर्व (धाग्याची सुरुवात)

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की आमच्या इमारतीखाली सकाळी सहाच्या ठोक्याला क्रिकेट सुरू होते. माझी झोपण्याची खोली पहिल्या मजल्यावर आहे, तिच्या खिडकीखालीच दुचाकींच्या पार्किंगवर पत्रा घातलेला आहे आणि मुलांच्या नियमानुसार पत्र्यावर आदळलेला चेंडू हा चौकार धरला जातो, त्यामुळे प्रत्येक फलंदाज त्या पत्र्यावरच नेम धरून असतो. मुलांना मैदानावर पाठवा, असे सांगणे सोपे आहे. परंतु जवळचे मैदान त्या वेळी चालायला येणाऱ्यांनी आणि प्रशिक्षण शिबिरांनी भरलेले असते, आणि मे महिन्यात नऊनंतर त्या उन्हात कोणीच खेळू शकत नाही, हे मलाही कळते. आपल्यापैकी कोणी यातून मार्ग काढला असेल, किंवा प्रयत्न करूनही निघाला नसेल, तर त्यांनी सविस्तर लिहावे. ‘मुलेच ती, खेळणारच,’ एवढेच लिहायचे असेल, तर ते सासूबाईंनी मला यापूर्वीच सांगितलेले आहे.

गोरेगाव पश्चिम

मी आमच्या सोसायटीचा चार वर्षे सचिव होतो. तक्रार घेऊन येणारा सभासद बहुधा कायद्याचा हवाला देत येतो, म्हणून आधी कायद्याविषयी लिहितो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 यांनुसार निवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. सहा वाजून एक मिनिटाने कायद्याचा दिवस उजाडतो, मग आपले डोळे उघडलेले असोत वा नसोत. शिवाय तक्रार करायची तर आवाज मर्यादेपेक्षा किमान 10 डेसिबलने अधिक असावा लागतो, आणि मर्यादा ठराविक काळाच्या सरासरीवर ठरते. ज्या एका किंकाळीने माणूस दचकून उठून बसतो, ती त्या सरासरीत कुठल्या कुठे विरून जाते. आमच्या एका सभासदांनी मोबाइलमधल्या ॲपवर आवाज मोजून पोलिसांना बोलावले होते. हवालदार आले, त्यांनी मुलांना धावसंख्या विचारली, जरा हळू खेळा म्हणाले आणि गेले.

त्यानंतर आम्ही एक गोष्ट केली, जी खरे तर पहिल्याच दिवशी करायला हवी होती. पालकांची सभा न बोलावता मुलांचीच बोलावली. त्यांची कर्णधार तेरा वर्षांची मुलगी होती आणि तिने आमच्या सर्वसाधारण सभेत कधी होत नाही इतक्या शिस्तीने चर्चा चालवली. सात वाजेपर्यंत टेनिस बॉलऐवजी स्पंजचा चेंडू वापरायचा, आणि पत्र्याला चेंडू लागला की फलंदाज बाद, हे दोन्ही नियम मुलांनीच सुचवले. बाद होण्याच्या भीतीने दोनच दिवसांत सगळे जण चेंडू जमिनीलगत मारायला शिकले. अपिलाची आरोळी मात्र आम्हाला थांबवता आली नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

लालबाग

मी बेस्टमध्ये वाहक आहे. दुसरी पाळी संपवून चाळीत परतेपर्यंत रात्रीचा दीड वाजतो, जेवून आडवा होईपर्यंत अडीच. आमच्याकडे क्रिकेट नसते. सकाळी साडेसहापासून गॅलरीत पकडापकडी सुरू होते, आणि जुन्या लाकडी जिन्यावरून एकाच वेळी सहा जण उतरले की खोलीतल्या मांडणीवरची भांडी वाजतात. पहिली दोन वर्षे मी दार उघडून ओरडत असे. त्याने मुले पळत असत, म्हणजे आवाज आणखी वाढत असे.

एके दिवशी शेजारच्या घरातल्या सात वर्षांच्या मुलाने मला विचारले, ‘काका, तुम्ही झोपलाय हे आम्हाला बाहेरून कळणार कसं?’ हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता. दाराबाहेर माझी चप्पल असली म्हणजे मी झोपलेलो आहे आणि त्या वेळी पलीकडच्या जिन्याने जायचे, असे आमचे ठरले. ही व्यवस्था अजून चालू आहे. मध्यंतरी मी बूट घालून एका लग्नाला गेलो आणि चप्पल दाराशीच राहिली, तेव्हा दिवसभर सगळी मुले माझ्या कुलूपबंद खोलीसमोरून चवड्यांवर चालत होती, असे संध्याकाळी मला समजले.

कांदिवली पूर्व

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण आवाज करणारे मूल माझे आहे. माझा मुलगा तीन वर्षांचा असून तो पावणेसहाला उठतो आणि उठल्याबरोबर धावतो. वन-बीएचकेमध्ये धावायला जागा ती किती, तरीही तो ती शोधतो. खालच्या काकूंनी तीनदा इंटरकॉमवर फोन केला आणि तिसऱ्या वेळी मी रडले. त्यांनी छताला फॉल्स सीलिंग करून घेण्याची तयारी केली होती. परंतु पावलांचा धक्का स्लॅबमधून आणि भिंतींतून उतरतो, त्यामुळे तो जिथे बसतो तिथेच मऊ करणे अधिक उपयोगी पडते, असे माझ्या भावाने, जो बांधकामाच्या व्यवसायात आहे, आम्हा दोघींना समजावले. मी हॉलभर फोमच्या जाड चटया अंथरल्या आणि खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचे बसवली. आता फोन येत नाही, पण काकू लिफ्टमध्ये भेटल्या की मी अजूनही आधी त्यांच्या डोळ्यांकडे पाहते.

मोठ्या मुलीविषयीही लिहायला हवे. शासनाने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय घेतला, तो लहान मुलांची झोप पूर्ण व्हावी म्हणून. माझ्या मुलीची उठण्याची वेळ मात्र बदलली नाही. पूर्वी ज्या वेळी ती बसमध्ये असायची, त्या वेळी आता ती जिन्यात दोरीवरच्या उड्या मारते. यावर माझ्याकडे उपाय नाही.

दादर

वय बहात्तर. कानात बोळे घातले, परंतु स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकू येऊ लागल्याने काढून टाकले. पलंग मागच्या खोलीत नेला, तर तिथे पाणी चढवण्याचा पंप पाचलाच सुरू होतो. सध्या टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून रात्रभर चालू ठेवतो. त्याच्या एकसुरी घरघरीत बाहेरचा आवाज बराच बुडतो. पहाटे रहदारीचा आवाज नसतो आणि तीन बाजूंनी इमारती असलेल्या चौकात तोच आवाज भिंतींवर आपटून परत येतो, त्यामुळे दोन मुले वीस मुलांसारखी ऐकू येतात, एवढीच माझी भर.

चेंबूर

मी तक्रार केली आणि ती यशस्वी झाली, म्हणून मुद्दाम लिहितो. कमिटीने ‘आवारात खेळण्यास सक्त मनाई’ असा फलक लावला आणि वॉचमनला चेंडू जप्त करण्याचा अधिकार दिला. पूर्वी लिफ्ट बंद असली की हीच मुले माझ्या पिशव्या चौथ्या मजल्यापर्यंत आणून देत असत. आता ती मला पाहून बाजूला होतात आणि अत्यंत नम्रपणे वाट देतात. त्या नम्रतेचा मला त्रास होतो, हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही. आणि मे महिन्यात मागच्या आंब्यावर कोकीळ साडेपाचलाच सुरू होतो, त्याच्याविरुद्ध अर्ज कोणाकडे करायचा?

मुलुंड पूर्व

सर्वांचे आभार. गोरेगावकरांचा ‘पत्र्याला लागला की बाद’ हा नियम मी शनिवारी मुलांसमोर मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. चार सकाळी झाल्या. पत्रा एकूण तीनदाच वाजला. परंतु चेंडू पत्र्याला लागला की केवळ पत्र्याच्या खांबाला, यावर काल सव्वासहापासून सातला दहा कमी असेपर्यंत वाद चालला आणि शेवटी निर्णय देण्यासाठी मुलांनी खालून मलाच हाक मारली. मी खिडकीतून त्याला नाबाद दिले.