न्हावा-शेवाचा गाळ उपसा आणि सेंटिनेल-२: गढूळपणा नक्की कशाचा?

खाडीकाठ: न्हावा-शेवा बंदराच्या जहाजमार्गातल्या उपशामुळे किती गाळ उठतो ते मोजायचं आहे. सेंटिनेल-२ उपग्रहाची २०१८ पासूनची लेव्हल-२ए (वातावरणाचा परिणाम काढून टाकलेली) चित्रं घेतली, लाल प्रकाशाचा पट्टा (बी४) काढला. २०२२ पासून आकडे एकदम वर जातात. उपसा बंद असतानाही एकाच महिन्यातल्या दोन चित्रांत दुपटीचा फरक येतो. कुठे चुकतंय?

पट्टा_आठ_ए: वर गेलेले आकडे पाण्याचे नाहीत. २५ जानेवारी २०२२ पासून प्रत्येक पिक्सेलमध्ये १००० मिळवलेले असतात. ते वजा करा, मग १०,००० ने भागा. नाहीतर परावर्तन, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला परत फिरणारा हिस्सा, ०.१ ने फुगतं. गढूळ पाण्याचं खरं परावर्तनही त्याच घरात असतं, म्हणजे सगळा हिशेबच बुडाला.

शिवाय लेव्हल-२ए करणारं सेन२कॉर हे सॉफ्टवेअर मुळात जमिनीसाठी आहे. लेव्हल-१सी (वातावरणाचा परिणाम न काढलेली चित्रं) घेऊन अ‍ॅकोलाइट या पाण्यासाठीच्या सॉफ्टवेअरमधून काढा. आवृत्ती नवी हवी, कारण ती वजाबाकी १सीलाही लागते. गढूळपणासाठी संशोधक डोग्लिओटी यांचं सूत्र: लाल पट्ट्यातलं परावर्तन ०.०५ पर्यंत असेल तर लाल पट्टा, ०.०७ च्या वर बी८ए (अवरक्त पट्टा), मधल्या भागात दोन्हींचं मिश्रण. नुसता लाल पट्टा दाट गाळात वाढायचा थांबतो आणि नेमका ड्रेजरमागचा (गाळ उपसणाऱ्या जहाजामागचा) लोट हरवतो.

उधाण_भांग: दुपटीचा फरक बहुतेक भरती-ओहोटीचा. उपग्रह मुंबईवरून अकराच्या सुमारास जातो. अमावास्या-पौर्णिमेला इथे भरती दुपारी बाराच्या आसपास पूर्ण होते. त्यामुळे उधाणाच्या चित्रांत कायम भरतीचं पाणी, भांगाच्या (अष्टमीच्या सुमारच्या लहान भरतीच्या) चित्रांत ओहोटीच्या आसपासचं. उधाणाची पूर्ण सुकती (ओहोटी) या उपग्रहाला दिसतच नाही! मासिक सरासरी काढू नका. भरतीच्या तक्त्यावरून प्रत्येक चित्राला 'भरतीपासून किती तास' आणि त्या दिवशीचा भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक लावा, सारख्या स्थितीतली चित्रंच एकमेकांशी ताडून बघा. त्याच चित्रात उपशाचा परिणाम नसलेल्या पाण्याचा एक तुकडा तुलनेला घ्या, तोही प्रवाहाला आडव्या दिशेला. प्रवाहाच्या रेषेत घेतलात तर लोट तिथेही पोचतो.

खाडीकाठ: आणि पावसाळा, ढग असताना? सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह चालेल?

पट्टा_आठ_ए: गाळासाठी नाही. रडारला पाण्याच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा कळतो, आतला गाळ नाही. जहाजं आणि तेलाचे तवंग दिसतात, पण वारा सेकंदाला २-३ मीटरच्या खाली असला की स्वच्छ पाणीही तवंगासारखं काळं दिसतं. जून ते सप्टेंबर होडीतून नमुने घ्यावेच लागतील. बाकीच्या महिन्यांत चित्र पडताळायला नमुना उपग्रहाच्या वेळेच्या अर्ध्या तासात घ्या. प्रवाह जोरात असताना दोन तासांनी घेतलेलं पाणी वेगळंच असतं.