'काउंटरपॉइंट'ला मराठीत काय म्हणावं?

मधलीओळ:
काउंटरपॉइंट म्हणजे अनेक स्वतंत्र चाली एकाच वेळी गुंफण्याची पाश्चात्त्य रचनापद्धती. जर्मन संगीतकार बाखच्या 'आर्ट ऑफ फ्यूग'वरचं टिपण मराठीत करते आहे (फ्यूग म्हणजे एकच चाल एकामागून एक आवाजात येत गुंफली जाते ती रचना). छापील प्रतीत जवळजवळ प्रत्येक फ्यूगचं नावच 'कोन्त्रापुंक्तुस' आहे, त्यामुळे शब्द टाळता येत नाही. मी 'प्रतिबिंदू' लिहिलं, संपादकांनी 'जुगलबंदी' केलं. दोन्ही खटकतंय.

खर्ज:
जुगलबंदी नकोच. तिथे दोघं आलटूनपालटून एकच राग फुलवतात. इथे दोन किंवा चार स्वतंत्र चाली एकाच वेळी चालतात, त्याही आधी लिहून काढलेल्या. 'प्रतिबिंदू'त बिंदूच चुकलाय. लॅटिन 'पुंक्तुस कोन्त्रा पुंक्तुम'मधला पुंक्तुस म्हणजे कागदावर मांडलेला स्वर. 'प्रतिस्वर' लिहा.

तीव्रमध्यम:
स्वरासमोर स्वर ही फक्त पहिली पायरी. ऑस्ट्रियन संगीतकार फुक्सच्या काउंटरपॉइंट शिकवणाऱ्या १७२५ च्या ग्रंथात अशा पाच पायऱ्या आहेत: एकास एक, एकास दोन, एकास चार, मग स्वर पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवणं, आणि शेवटी सगळ्याचं मिश्रण. चौथ्या पायरीवर 'प्रतिस्वर' तोकडा पडतो. खाली ग, वर तार सा: गोड लागतं. खालचा ग रेवर उतरतो, वरचा सा तसाच राहतो: टोचतं. मग सा उतरून नीवर येतो आणि जीव मोकळा होतो. इथे महत्त्व चालीला आहे, सुट्या स्वराला नाही. म्हणून 'प्रतिचाल'.

खर्ज:
'प्रतिचाल' वाचून बुद्धिबळ आठवेल.

पांढरीचार:
'स्वरसंवाद' रुळलेला आहे की!

तीव्रमध्यम:
तो हार्मनीसाठी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या मेळासाठी रुळलाय, आणि तिथेही आपल्या रागातल्या वादी-संवादी स्वरांच्या अर्थात अडकतो. सा-प हा आपल्याकडे पक्का संवाद. काउंटरपॉइंटमध्ये मात्र सा-प वरून थेट रे-ध वर गेलात तर ती चूक धरतात, कारण दोन ओळी मिसळून एकच जाड ओळ ऐकू येते. गोव्याच्या 'मांडो' या गीतप्रकारात दुसरा आवाज बहुतेक वेळा तिसऱ्या स्वराच्या अंतराने सोबत जातो. ते कानाला सुंदर लागतं, पण ती सोबत आहे, काउंटरपॉइंट नव्हे.

पांढरीचार:
मग 'काउंटरपॉइंट'च ठेवा. पियानोला आपण कुठे मराठी नाव शोधत बसलो?

खर्ज:
वाद्य बाहेरून आलं, नाव सोबत आलं, ते ठीक. ही रचनापद्धती आहे. नावातून काही कळायला नको?

मधलीओळ:
त्या टोचणाऱ्या 'सा'ला, म्हणजे सस्पेन्शनला, काय म्हणाल? 'टांगता स्वर'?

तीव्रमध्यम:
'टांगता' नको. आधी तो गोड स्वर म्हणून येतो, मग धरला जातो, मग एक पायरी उतरतो. 'धरलेला स्वर' म्हणा.

खर्ज:
'धरलेला' म्हटलं की उतरणं राहून जातं. 'ओढ' बघा.