युरोकॅनिक आम्ल त्वचेत असतेच, मग क्रीममध्ये का चालत नाही?

प्रश्न : हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे विघटन शिकत असताना युरोकॅनिक आम्लाशी गाठ पडली. एका जुन्या क्रमिक पुस्तकात त्याला ‘नैसर्गिक सनस्क्रीन’ म्हटले आहे. उलट युरोपीय संघाच्या सौंदर्यप्रसाधनांतील निषिद्ध घटकांच्या यादीत त्याचे नाव आहे. जो पदार्थ आपल्या त्वचेत मुळातच असतो, तो बाहेरून लावायला बंदी का?

उत्तर १ (जीवरसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक) : पुस्तक चुकीचे नाही, अपुरे आहे. रसायनशास्त्रज्ञ याफे यांनी १८७४ मध्ये हे आम्ल कुत्र्याच्या मूत्रातून वेगळे केले आणि त्याचे नावही त्यावरूनच पडले (लॅटिनमध्ये ‘युरिना’ म्हणजे मूत्र, ‘कॅनिस’ म्हणजे कुत्रा). त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरात फिलॅग्रिन हे प्रथिन मोडते, त्यातून सुटलेल्या हिस्टिडिनमधील अमोनिया हिस्टिडेज हे विकर काढून घेते आणि ‘ट्रान्स’ रूपातील (रेणूच्या दोन संभाव्य आकारांपैकी एक) युरोकॅनिक आम्ल उरते. यकृतात त्याचे पुढे विघटन होते; त्वचेत मात्र त्यासाठी लागणारे विकर नसल्यामुळे ते साठत जाते. ते अतिनील किरणे शोषते, आणि घामातही सापडते, म्हणून १९५५ मध्ये त्याच्या सूर्यरक्षक गुणाची मांडणी झाली व पुढे ते क्रीममध्येही आले.

उत्तर २ (त्वचारोगतज्ज्ञ) : खरी मेख किरण शोषल्यानंतर आहे. त्या ऊर्जेने रेणूचा आकार बदलून ‘सिस’ हे दुसरे रूप तयार होते, आणि हे रूप प्रतिकारशक्तीला आवर घालते. अतिनील किरणांमुळे होणाऱ्या प्रतिकारदमनात हे आम्लच प्रकाशग्राही असावे, असे डी फॅबो आणि नूनन या संशोधकांनी १९८३ मध्ये सुचवले. उन्हाने बिघडलेल्या पेशींवर शरीराने स्वतःच हल्ला चढवू नये, यासाठी हा आवर उपयोगाचा असू शकतो. पण तोच आवर कर्करोगाकडे झुकलेल्या पेशींनाही अभय देऊ शकतो, आणि क्रीममधून त्याचा जादा साठा देण्याबाबतची धास्ती यातूनच आली. गंमत अशी की, सोरायसिस या त्वचारोगाच्या रुग्णांना ३११ नॅनोमीटरच्या आसपासची किरणे देताना आम्हाला असे दमनच हवे असते, अर्थात तिथे मात्रा मोजून दिलेली असते.

उत्तर ३ (संशोधक विद्यार्थिनी) : ‘सिस’ रूपाकडेच पाहिले तर हे आम्ल खलनायक वाटू लागते, म्हणून एक भर घालते. ज्यांच्यात हिस्टिडेज काम करत नाही आणि त्यामुळे त्वचेत हे आम्ल फारच कमी असते, अशा उंदरांवरील प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिनील ‘बी’ किरणांनी त्यांच्या डीएनएची हानी सामान्य उंदरांपेक्षा अधिक झाली. म्हणजे संरक्षण खरे आहे, आणि दमनही खरे आहे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मग हिस्टिडिनच्या गोळ्या घेतल्या तर हे संरक्षण वाढेल का?

उत्तर २ (त्वचारोगतज्ज्ञ) : त्या भरवशावर उन्हात जाऊ नका. ‘ट्रान्स’ रूप वाढले तर ऊन लागताच ‘सिस’ रूपही वाढणार, त्यामुळे गोळीने फक्त संरक्षणच वाढेल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय, ज्यांच्या फिलॅग्रिनच्या जनुकातच दोष आहे, जसा अ‍ॅटोपिक इसबाच्या अनेक रुग्णांत आढळतो, त्यांची अडचण कच्चा माल तयार होण्यापाशीच असते. दुपारच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि रुंद काठाची टोपी वापरा; तिथे ‘सिस’-‘ट्रान्स’चा प्रश्नच येत नाही.